पाहुणे पक्षी रुसले नाहीत, गाळ उशिरा उघडला

उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी वेळेवर दिसले नाहीत, की 'यंदा पाहुणे रुसले' असे आपण म्हणतो. पाहुणे रुसत नाहीत, त्यांचे पान वाढलेले नसते.

रोहित उथळ पाण्यात चोच उलटी घालून गाळातले किडे आणि शेवाळ खातो. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस काठावरचे कोवळे गवत चरतात. धरण काठोकाठ भरले असेल, तर ना उथळ पाणी, ना गवत.

पाणी कधी ओसरायचे, हे परतीच्या पावसावर ठरते. मान्सून राजस्थानातून १ सप्टेंबरला माघारी फिरतो, असे पूर्वी धरले जाई. हवामान खात्याने २०२० मध्ये ही सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर केली. २०१९ मध्ये तर माघार ९ ऑक्टोबरला सुरू झाली. ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी पंढरपूरकर विसरलेले नाहीत. उलट २०२३ मध्ये धरण पूर्ण भरलेच नाही. तिकडे युरोपात हिवाळा सौम्य होत चालल्याने काही जातींची बदके आता पूर्वीइतकी दूर जात नाहीत. एका सालावरून हवामान बदलले असे म्हणू नये, पण जुने वेळापत्रक ढळते आहे हे खरे.

याचा आपल्याशी संबंध काय? गाळपेर! गाळ उशिरा उघडला की शेतकरी आणि पक्षी एकदमच त्यावर उतरतात. हरभऱ्याची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापुढे गेली की उतारा घटतो. त्यात कोंब वर येतो न येतो तोच हंसांचा थवा. मग राग येणारच. पण विषारी दाणे टाकू नका. तो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, शिवाय ते पाणी आपणच पितो. बियाण्याला ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम चोळा, बी नीट मातीआड करा, उगवण होईपर्यंत पहाटे-सायंकाळी राखण ठेवा. अगदी काठालगतची पट्टी मोकळी सोडली, तर पक्षी तिथेच रमतात.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. गाळ कधी उघडला, पहिला थवा कधी उतरला, पेरणी कधी झाली, या तीन तारखा दरसाल दप्तरी लिहून ठेवा. खर्च एका वहीचा. दहा वर्षांनी पेरणीची तारीख ठरवताना हीच वही गावाच्या उपयोगी पडेल.