जुने ते कोणाचे?

‘जुने ते सोने’ ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु हे सोने कोणाच्या मालकीचे, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. इंटरनेटवरून जुनी नाट्यपदे आणि भावगीते क्षणार्धात उतरवून घेता येतात, त्यांच्या प्रती काढून त्या शेकडो लोकांना वाटताही येतात. ‘गाणे इतके जुने; आता कसला हक्क?’ असे त्याचे समर्थन केले जाते.

हे समर्थन अपुरे आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात आज असलेल्या तरतुदींनुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर ६० वर्षे टिकतो. शब्द आणि चाल यांवरील हक्क मात्र कवी व संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. कवी भा. रा. तांबे १९४१ मध्ये निवर्तले. त्यांच्या कविता २००२ च्या प्रारंभापासून सर्वांच्या झाल्या. परंतु त्यांतील काही कवितांना वसंत प्रभू यांनी दिलेल्या चाली आणि लता मंगेशकर यांच्या स्वरातील त्यांची ध्वनिमुद्रणे यांचा हिशेब स्वतंत्र आहे. एकाच गीतात अनेकांचे श्रम असतात. त्या श्रमांचे मोल बुडवून जोपासलेली रसिकता खरी रसिकता नव्हे.

तथापि नाण्याला दुसरीही बाजू आहे. लाखेच्या तबकड्या ठिसूळ असतात. हक्कधारकाने त्या पुन्हा प्रकाशितच केल्या नाहीत, तर हक्क कागदावर उरतो आणि स्वर मात्र कायमचा हरपतो. अशा कितीतरी तबकड्या व्यापाऱ्यांनी नव्हे, तर संग्राहकांनी पदरमोड करून जपल्या आहेत. प्रकाशित कृतीच्या पुनःप्रकाशनास मालकाने नकार दिल्यामुळे ती लोकांपासून दूर राहत असेल, तर सक्तीचा परवाना मागण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. म्हणजे हक्काबरोबर कर्तव्यही येते, हे कायद्यालाही मान्य आहे.

म्हणूनच रसिकाने हक्काची मुदत पाहावी, मुदत असेल तर मोल द्यावे. आणि हक्कधारकाने आपला ठेवा कुलूपबंद न ठेवता रास्त दरात उपलब्ध करावा. कलावंताला त्याचे मोल आणि पुढच्या पिढीला तिचा वारसा, दोन्ही मिळाले तरच जुने ते खऱ्या अर्थाने सोने ठरेल.