ते विमानाने का नाही गेले?

गेल्या थंडीत महिनाभर शारजाला मुलाकडे राहून आले. ज्यांची मुलं आखातात आहेत त्यांना हे राहणं कसं असतं ते सांगायला नको. दिवसभर फ्लॅटमध्ये बसायचं, संध्याकाळी खाली चक्कर मारायची आणि सुट्टीच्या दिवसाची वाट बघायची. अशाच एका सुट्टीला मुलगा म्हणाला, "अम्मी, चला, खोरफक्कान दाखवतो."

वाटेत नुसते डोंगर, झाडाचं नाव नाही. रस्ता त्या डोंगरांच्या पोटातून बोगद्यांनी जातो. शेवटचा बोगदा संपला आणि एकदम समुद्र समोर आला. हा समुद्र शारजा शहराजवळच्या समुद्रासारखा नाही. तो अरबी आखाताचा, हा ओमानच्या आखाताचा. इथून होडी सोडली तर वाटेत दुसरा देश न लागता आपल्या किनाऱ्याला येता येतं. सुंदर चौपाटी, मुलांसाठी झोपाळे, स्वच्छ वाळू. नात पाण्यात पळाली आणि मी चहाच्या दुकानापाशी बसले.

चहावाला मलबारी होता, पन्नाशीचा. आम्ही रत्नागिरीकडचे, हे कळल्यावर गप्पांना बसला. समुद्राकडे बोट दाखवून म्हणाला, "मेरे मामू इधर ही उतरे थे. लाँच किनारे तक नहीं आती थी. रात को बोलते थे, कूदो."

1960 च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं केरळची माणसं अशी आली. जवळ कागद नाही, अंगावरचे कपडे तेवढे, आणि खोरफक्कानचा किनारा दिसला की पोहत यायचं. यावर 2015 मध्ये 'पत्तेमारी' नावाचा मल्याळम सिनेमाही आला, मम्मूटीचा. मी तो पाहिला होता. पण जिथे माझी नात वाळूचा किल्ला करत होती तीच ती जागा, हे तोवर डोक्यात आलं नव्हतं.

मला आमच्या घरातले मरहूम आठवले. ते पोहत नाही आले; 1978 साली रीतसर व्हिसावर, विमानाने आले. पण उतरल्या दिवशी कफीलने पासपोर्ट घेतला आणि कपाटात ठेवला. दुसऱ्या वर्षी सासूबाई वारल्या. कफील गावाला गेला होता, कपाटाची किल्ली त्याच्याकडे. आईच्या मयतीला मुलगा येऊ शकला नाही. पुढे आयुष्यभर हा माणूस आपला पासपोर्ट उशाखाली ठेवून झोपला, आपल्या स्वतःच्या घरातसुद्धा.

त्या रात्री मुलाने एक सिनेमा लावला, 'इयो कपितानो'. दिग्दर्शक इटलीचे मात्तेओ गार्रोने. 2023 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान मिळाला. गोष्ट मात्र सेनेगलची आहे. सेनेगल म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या टोकाचा मुस्लिमबहुल देश. राजधानी डकारमधली दोन पोरं, सेदू आणि त्याचा नात्यातला भाऊ मुसा, दोघे सोळा वर्षांचे. युरोपला जायचं, गाणी गायची, नाव कमवायचं, आईला सुखात ठेवायचं, एवढंच त्यांचं स्वप्न. आईला विचारून बघितलं तर ती अशी चिडली की पोराने "मस्करी केली" म्हणून वेळ मारून नेली. मग चोरून बांधकामावर काम करून पैसे जमवले आणि एका रात्री न सांगता निघाले.

मालीत त्यांनी बनावट पासपोर्ट घेतले. पुढे नायजर आणि मग सहारा. माणसांनी खच्चून भरलेल्या गाडीतून एक जण खाली पडतो, गाडी थांबत नाही. पुढे पायी चालताना एक बाई वाळूत बसते, ती उठतच नाही. लिबियात सेदूला कोंडून मारतात. घरचा फोन नंबर दे, पैसे मागवतो, म्हणतात. तो देत नाही. हे सुरू झालं तेव्हा सुनेने नातीला आत पाठवलं. पण शेवटी शेवटी ती पुन्हा येऊन बसली. मुसाच्या पायात गोळी लागलेली, बोटीचे पैसे पुरेसे नाहीत. दलाल म्हणतो, तूच बोट चालव, मग कमी पैशात सोडतो. ज्या पोराने कधी बोट हाकली नाही, ज्याला पोहता येत नाही, तो शेकडो माणसं घेऊन समुद्रात निघतो.

सिनेमा संपला. अकरा वर्षांची नात माझ्याकडे वळून म्हणाली, "दादी, ते विमानाने का नाही गेले?"

मी म्हटलं, "पैसे नव्हते बेटा." पण तिचा बाप म्हणाला, "अम्मी, तसं नाही. डकारहून रोम पाच-सहा तासांवर आहे. दलालांना दिले तेवढ्यात बहुतेक विमानाचं तिकीट आलं असतं. त्यांना व्हिसा कोण देणार होतं?"

मी शिक्षिका होते, वर्गात पोरांच्या प्रश्नांची उत्तरं देण्यात जन्म गेला. त्या रात्री मात्र मला नीट उत्तर सुचलं नाही. अजून त्यावर विचार करते आहे, म्हणून या महिन्यात हेच लिहिते.

आपण गरिबी म्हटलं की पैशाचा विचार करतो. तो चुकीचा नाही. 2022 च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातल्या सगळ्यात श्रीमंत दहा टक्के लोकांकडे एकूण संपत्तीतला 76 टक्के वाटा आहे, आणि खालच्या निम्म्या माणसांकडे मिळून 2 टक्के. पण ब्रँको मिलानोविच नावाच्या अर्थतज्ज्ञाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली आहे. माणसामाणसाच्या कमाईत जगभरात जो फरक दिसतो, त्यातला अर्ध्याहून अधिक केवळ तो कुठल्या देशाचा यावरून ठरतो. मेहनत, हुशारी, शिक्षण हे सगळं त्यानंतर येतं. म्हणजे ज्याला नशीब बदलायचं असेल त्याला जागा बदलावी लागते. आणि जागा बदलायची परवानगी नेमकी त्यालाच नाही, ज्याला तिची गरज आहे.

इटलीचा माणूस दीडशेहून अधिक देशांत आधी व्हिसा न काढता जाऊ शकतो. आपल्या भारतीय पासपोर्टवर असे देश साठच्या आसपास. माझ्या भाच्याने एका युरोपीय देशात परिषदेला जायला अर्ज केला होता. आमंत्रणपत्र, बँकेचे कागद, सगळं जोडलं. उत्तरात ठरीव छापील वाक्य आलं: तुम्ही मुदतीत परत जाल याची खात्री पटत नाही. फी परत मिळाली नाही. तो पुण्यात चांगल्या नोकरीत, म्हणून त्याला फक्त अपमान वाटला. सेदूसारख्याने अर्ज करायचा विचारही केला नसता.

नातीला मी दुसऱ्या दिवशी इब्न बतूताची गोष्ट सांगितली. टँजियरचा हा तरुण 1325 साली, एकविसाव्या वर्षी, हजला म्हणून घराबाहेर पडला आणि पुढची जवळपास तीस वर्षं फिरत राहिला. दिल्लीत काझी झाला, आपल्या दौलताबादवरूनही गेला. 1352 साली त्याने सहारा ओलांडला, पण उलट्या दिशेने: उत्तरेकडून दक्षिणेला, मालीकडे! कारण तेव्हा श्रीमंत देश तो होता. तिथला बादशहा मन्सा मुसा 1324 मध्ये हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने इतकं सोनं वाटलं की तिथे सोन्याचा भाव पडला. मालीत मुसाफिराला चोराची भीती नाही, असं बतूताने लिहून ठेवलं आहे. त्याच मालीत आज सिनेमातली पोरं बनावट पासपोर्ट विकत घेतात.

जुना काळ सगळा सोन्याचा होता, असं मी म्हणत नाही. वाटेत तगाझा नावाचं गाव लागलं, तिथली घरं मिठाच्या चिऱ्यांची. तिथे मीठ खणायचं काम गुलामांकडे होतं, हेही बतूतानेच नोंदवलंय. पण हातात शिक्क्याचं पुस्तक नसेल तर माणसाने पाऊल टाकू नये, असा जगभरचा कायदा तेव्हा नव्हता. आजच्या धर्तीचा पासपोर्ट कसा असावा हे 1920 साली पॅरिसच्या परिषदेत ठरलं. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळात.

आणि सेनेगलची माणसं युरोपात गेलीच नाहीत असंही नाही. दोन्ही महायुद्धांत फ्रान्सने तिथल्या जवानांना जहाजात भरून लढायला नेलं. तेव्हा, परत जाल याची खात्री आहे का, असं कोणी विचारलं नाही. आज तिथला मासा युरोपला जातो. परदेशी मोठे ट्रॉलर सेनेगलसमोरचा समुद्र खरवडतात आणि लाकडी होडीवाल्या मच्छीमाराच्या जाळ्यात फारसं काही उरत नाही. पर्ससीनवरून आपल्या किनाऱ्यावर जे भांडण आहे ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं समजावायला नको. मग तोच मच्छीमार त्याच होडीत माणसं भरून स्पेनच्या कॅनरी बेटांकडे निघतो. माशाला वाट मोकळी, मासे पकडणाऱ्याला बंद. 2014 पासूनच्या दहा वर्षांत एकट्या भूमध्य समुद्रात 28 हजारांहून अधिक माणसं बुडाली किंवा बेपत्ता झाली. ही नोंद झालेली संख्या.

आपल्याकडे सफरवर असलेल्याला नमाज कमी आहे, रोजा पुढे ढकलायची सवलत आहे, आणि जकातीच्या आठ हकदारांत एक मुसाफिर आहे. वाटेवरचा माणूस हा पाहुणा समजायचा, संशयित नव्हे. हे सगळं मी नातीला सांगितलं आणि मनातून जरा खूशही झाले, की आपण चांगलं उत्तर दिलं.

मग मी घरी परतले.

फेब्रुवारी संपत आला होता, आंबा धरला होता. आमच्या बागेत दर वर्षी नेपाळी माणसं राखणीला येतात, रत्नागिरीकडे बहुतेक बागांत येतात. त्यांना व्हिसा लागत नाही, 1950 च्या करारामुळे सरहद्द उघडी आहे. दिराकडे हिशेबाची वही बघायला गेले. त्यांनी कपाट उघडलं, तर वहीखाली एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत राखणदाराचं नागरिकतेचं कार्ड, त्याच्या बायकोचं कार्ड.

"हे आपल्याकडे का?"

दीर म्हणाले, "भाबी, दर वर्षी असतंच की. सीझन संपला की देतो. दोन महिन्यांचा पगारही मागे ठेवतो. मधेच पळून गेला तर माकडांकडून बाग राखणार कोण?"

खरंच, दर वर्षी असायचं. ती पिशवी मी आधीही पाहिली होती. मरहूम हयात असतानाही ती त्याच कपाटात असायची, आणि जो माणूस आपला पासपोर्ट उशाखाली घेऊन झोपायचा, त्यालाही त्यात काही वाटलं नव्हतं. मलाही नाही. कफील म्हटलं की आम्हाला कोणी तरी दूरचा, डोक्यावर अगाल घातलेला माणूस दिसायचा.

पिशवी घेऊन मी बागेत गेले. पत्र्याच्या खोपीबाहेर त्याची बायको चूल पेटवत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, घरून इथवर यायला किती दिवस लागतात? चार दिवस. दोन बस, रेल्वे, मग पुन्हा बस. घरी कोण आहे? सासू आणि एक मुलगी. मुलगी किती वर्षांची? अकरा.

कार्डं आणि मागे ठेवलेला पगार मी तिच्या नवऱ्याच्या हातात दिला. त्याचा चेहरा पडला. "अम्मा, काम से निकाल दिया क्या?"

नाही, म्हटलं, तुझं तुझ्याजवळ राहू दे. त्याला ते पटायला वेळ लागला. दिरांना अजून पटलेलं नाही. ते म्हणतात, पुढच्या वर्षी कोणी पळालं की कळेल. पळाला तर पळाला. खोपीला पावसाआधी पक्की भिंत आणि संडास बांधायचा, एवढं मात्र त्यांनी कबूल केलंय.

भूमध्य समुद्र माझ्या हातात नाही. ज्या कपाटाची किल्ली माझ्या घरात आहे, तेवढं उघडता आलं. तुमच्या घरी अशी एखादी पिशवी आहे का, एकदा बघा.