न मागितलेली वर्गणी

बँकेच्या खात्यातून दरमहा ठरावीक तारखेला एक लहानशी रक्कम वजा होते. खातेदार शाखेत जाऊन चौकशी करतो, तेव्हा त्यानेच कोणत्या तरी करमणुकीच्या, आरोग्यविम्याच्या वा शिकवणीच्या सेवेची वर्गणी स्वीकारली असून परस्पर वसुलीस संमती दिली आहे, असे त्याला सांगण्यात येते. ही संमती दिल्याचे त्याला आठवत नाही, कारण त्याने ती दिलेलीच नसते. कोणाच्या नावावर अनोळखी सिमकार्ड निघते, तर कोणाच्या नावावर न घेतलेले कर्ज. या साऱ्या प्रकारांकडे भुरट्या चोरांची करामत म्हणून पाहण्याची रीत पडून गेली आहे. चोर आहेत, यात शंका नाही. परंतु चोराला दार उघडे कोणी ठेवले, आणि ते उघडे राहण्यात कोणाचे हित आहे, हा अर्थशास्त्राचा आणि म्हणून राजकारणाचाही प्रश्न आहे.

या लुटीचे बळ तिच्या लहानपणात आहे. महिन्याला २९ रुपये गेल्याने कोणी उपाशी राहत नाही. पण तेच २९ रुपये दहा लाख खात्यांतून गेले, तर महिन्याची प्राप्ती २ कोटी ९० लाख रुपये होते. उलट बाजूने, हे २९ रुपये परत मिळविण्यासाठी बांधकाम मजुराला वा घरकामगार स्त्रीला एक दिवसाची मजुरी बुडवून बँकेत खेटे घालावे लागतात. तक्रार करणे न करण्यापेक्षा महाग पडते. ज्या व्यवहारात न्यायाची किंमत नुकसानीपेक्षा अधिक असते, तेथे अन्याय हाच धंद्याचा पाया होतो.

हे केवळ भुरट्या टोळ्यांपुरते मर्यादित नाही. २०१७ साली मोबाइल क्रमांकाची आधारशी जोडणी करण्यासाठी दुकानात गेलेल्या लाखो एअरटेल ग्राहकांची खाती त्यांच्या नकळत त्याच समूहाच्या पेमेंट्स बँकेत उघडली गेल्याचे उघडकीस आले. गॅसच्या अनुदानाची रक्कमही त्या अनोळखी खात्यांत वळली. अनुदान बंद झाले की काय, या चिंतेने कुटुंबे गॅस एजन्सीत आणि नेहमीच्या बँकेत हेलपाटे घालत राहिली. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीचा ई-केवायसी परवाना तात्पुरता निलंबित केला आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटी रुपयांचा दंड केला. लाखो लोकांच्या नावावर त्यांच्या स्पष्ट संमतीवाचून खाती उघडण्याची किंमत ती एवढीच.

अमेरिकेतील अनुभव याहून बोलका आहे. वेल्स फार्गो या बड्या बँकेने ग्राहकांच्या नावे लाखो बनावट खाती उघडल्याचे २०१६ मध्ये सिद्ध झाले आणि तिला १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड झाला. ही खाती उघडणारे हात कोणाचे होते? विक्रीचे अशक्य उद्दिष्ट डोक्यावर असलेल्या, ते पूर्ण न झाल्यास नोकरी जाण्याच्या धास्तीत वावरणाऱ्या कारकुनांचे. प्रकरण बाहेर आले, तेव्हा सुमारे ५,३०० कर्मचारी कामावरून काढले गेले होते. येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. काउंटरवरचा कर्मचारी आणि समोरचा ग्राहक हे एकमेकांचे शत्रू नव्हेत. उद्दिष्टांचा चाबूक एकाच्या पाठीवर पडतो आणि त्याचा वळ दुसऱ्याच्या खात्यावर उमटतो, इतकेच.

शासनाचे उत्तर मात्र एकच: सावध राहा. जाहिराती होतात, संदेश येतात, आणि लुटल्या गेलेल्या माणसालाच निष्काळजी ठरविले जाते. नियम नाहीत असे नव्हे. मोबाइलवरील सशुल्क सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दुहेरी संमती घेण्याची सक्ती दूरसंचार नियामकाने २०१३ मध्येच केली. कार्डावरील नियमित वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी सूचना देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले. ते ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आले. ‘वर्गणीचा सापळा’ हा अनुचित व्यापारप्रकार असल्याचे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने तर दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. परंतु त्याच परिपत्रकात ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा अपवाद आहे, आणि ‘तुम्हीच ओटीपी सांगितला’ या एका वाक्यात बँका सारा भार पुन्हा ग्राहकावर लोटून मोकळ्या होतात.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. न वाचता आलेल्या कागदावर उमटलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे, हे त्या आगीने सांगितले. इंग्रज सरकारलाही त्याची दखल घ्यावी लागली. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने, रोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता त्यामागचा सारा व्यवहार तपासण्याचे काम न्यायालयांवर सोपविले आणि दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर करण्याची तरतूद केली. परकी सत्तेला जे १८७९ मध्ये उमगले, ते स्वतंत्र भारताच्या शासनाला आज उमगू नये काय? भ्रमणध्वनीच्या पडद्यावर कोपऱ्यात आधीच खूण केलेली चौकट हा आजचा कोरा कागदच आहे.

यास्तव मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. संमतीचा पुरावा कंपनीने ठरावीक मुदतीत सादर करावा. न केल्यास रक्कम दुप्पट परत द्यावी. खात्यावरील सर्व चालू वसुल्यांची यादी प्रत्येक शाखेत मराठीत, विनामूल्य मिळावी आणि तोंडी विनंतीवर वसुली थांबावी. दंड लुटीच्या प्रमाणात असावा. बँक कर्मचाऱ्यांवरील विक्रीची उद्दिष्टे रद्द व्हावीत; या मागणीत बँक कर्मचारी संघटनांना बरोबर घेता येईल.

तोवर हाती आहे ते वापरावे. बनावट व्यवहार लक्षात येताच बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. २०१७ च्या नियमांत तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत निर्णायक आहे. १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत बँकेने दाद न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, त्यावरून न घेतलेले कर्ज उघड होते. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे, हे पोलीस ठाण्यात ठामपणे सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार समान हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करता येते. एकट्याचे २९ रुपये क्षुल्लक ठरतात. वस्तीतील तीनशे जणांचे ठरत नाहीत.

कार्यकर्त्यांनी एक पथ्य स्वतःही पाळले पाहिजे. शिधापत्रिका, ई-श्रम वा पेन्शनचे अर्ज भरून देण्याच्या शिबिरांत आधारच्या प्रती गोळा होतात आणि महिनोन्महिने कार्यालयातील कपाटात वा झेरॉक्सच्या दुकानात पडून राहतात. ज्यांनी विश्वासाने कागद दिले, त्यांच्याच नावावर उद्या कोणी कर्ज काढले, तर त्याचा दोष केवळ चोरावर ढकलता येणार नाही. प्रत्येक प्रतीवर कारण आणि तारीख लिहावी, शक्य तेथे केवळ शेवटचे चार अंक दिसणारे आधार घ्यावे, आणि काम संपताच प्रती परत कराव्यात.

माणसाचे नाव ही त्याची अशी मिळकत आहे, जी गरिबातल्या गरिबाकडेही असते. तिच्यावर परस्पर बोजा चढविणाऱ्या व्यवस्थेशी झगडा हा समाजवादी चळवळीच्या जुन्याच लढ्याचा नवा टप्पा आहे. पुढील महिन्याच्या शाखा सभांत प्रत्येक सभासदाने आपले खातेपुस्तक घेऊन यावे. कामाचा प्रारंभ तेथूनच होईल.