आकड्याआधी रकाना

बँकेत असताना एक बाई सातबारा घेऊन आल्या. यजमान वारलेले. क्षेत्राच्या रकान्यात आकडा होता १.२०. 'एक एकर वीस गुंठे आहे, साहेब. दीर घ्यायला तयार आहेत,' त्या म्हणाल्या.

रकाना एकराचा नव्हता, हेक्टर-आरचा होता. मी चिठ्ठीवर हिशेब मांडला. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. हेक्टरचे मात्र १०० आर, आणि आर गुंठ्याहून किंचित लहान. बाईंचे १२० आर म्हणजे तीन एकराला जेमतेम दीड गुंठा कमी. निम्म्या जमिनीच्या पैशांत सगळी जमीन जाणार होती!

दिरांची ती चूक होती की चलाखी, देव जाणे. बाईंनी चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधली आणि सही न करता त्या गावी परतल्या.

शाळेत आपण कोष्टके घोकतो, पण घरचा सातबारा वाचायला कोणी शिकवत नाही. कपाटातला कागद काढा. आकड्याआधी रकाना वाचा, आणि घरातल्या लेकीसुनांनाही वाचायला लावा.