आईच्या वॉर्डातले मूल

कुणी जरा वेडेवाकडे बोलला की आमच्या घोडबंदरला अजूनही म्हणतात, ‘ह्याला ठाण्याला पाठवा.’ हसतात आणि विषय संपतो. ठाणे इथून दूर नाही. 1901 सालापासूनचे, 1850 खाटांचे मनोरुग्णालय त्याच शहरात आहे. पण अशा रुग्णालयाच्या भिंतीआड बाईबरोबर तिचे तान्हे मूलही राहू शकते, हे हसणाऱ्यांच्या गावीही नसते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चे कलम 21 सांगते की, उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल सहसा तोडू नये. आईच्या आजारामुळे मुलाला धोका असेल म्हणून तोडलेच, तर दर 15 दिवसांनी फेरविचार झाला पाहिजे आणि सलग 30 दिवसांपुढे प्राधिकरणाची मंजुरी लागते. तरतूद चांगली आहे, आम्ही तिचे स्वागतच करतो. पण त्या वॉर्डात पाळणाघर, खेळायला जागा? कलमात शब्द नाही. आणि तिसरा वाढदिवस झाला की? मग बालकल्याण समिती आणि बालगृह. पंधरा दिवसांच्या फेरविचाराचे हे संरक्षण तिथे संपते.

उलट तुरुंग बघा. आर. डी. उपाध्याय खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने कैदी आईजवळ मुलाला सहा वर्षांपर्यंत राहू दिले. तीनपर्यंत पाळणाघर, पुढे बालवाडी असा आदेश दिला. म्हणजे आई कैदी असेल तर सहा वर्षे आणि आई आजारी असेल तर तीन! हा प्रश्न आम्हा वकिलांनी लावून धरायला हवा होता. धरला नाही, हे कबूल केले पाहिजे.

ही आई कोण असते? अनेकदा कलम 100 खाली पोलिसांनी स्टेशनावरून, पुलाखालून आणलेली. पत्ता नाही, भेटायला कुणी नाही. बरी झाली तरी न्यायला कुणी येत नाही. डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेने अशाच वर्षानुवर्षे अडकलेल्या रुग्णांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयासमोर आणला. केवळ घर नाही म्हणून कुणाला आत ठेवू नये, असे कलम 19 सांगते. आई आत आहे ती घर नाही म्हणून, आणि मूल आत आहे ते आई आहे म्हणून. यात रोग किती आणि बेघरपणा किती? आणि फूटपाथवर कुणाची माणसे असतात, हे आपल्याला जनगणनेने सांगावे लागत नाही.

1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी आईची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब ठरवली आणि तिचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा असे सांगितले. आजारी आईच्या मुलाचा भार मग कुणाचा?

वर्षावासात आपण विहारात आजारी भिक्खूची कथा ऐकतो. सोबत्यांनी टाकून दिलेल्या त्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले. यंदा कथा झाल्यावर त्याच सतरंजीवर बसून माहिती अधिकाराचा अर्ज लिहू या. खर्च दहा रुपये. आज आईसोबत किती मुले आहेत? किती तोडली आणि फेरविचाराची नोंद कुठे आहे? तीन पूर्ण झालेली मुले कुठे गेली, आणि आईला त्यांचा पत्ता दिला का?