घाई कुणाला आहे?

पोट सपाट करून घ्यायचे किंवा चरबी काढून घ्यायची ठरली की पहिला युक्तिवाद असा होतो : हे सौंदर्याचे काम, वरवरचे, त्यात रक्त ते कितीसे जाणार? हे अगदीच खोटे नाही. ॲड्रेनलिन मिसळलेले द्रावण आधी टोचण्याची पद्धत रुळल्यापासून लायपोसक्शनमधला रक्तस्राव खरोखरच पुष्कळ घटला. पण जाणारे रक्त मोजताना मुळात असलेले कोण मोजतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. भोपाळच्या दवाखान्यात येणारी बाई याच राज्यातली. शिवाय हिमोग्लोबिन १२ भरले म्हणजे भागले, असेही नाही. हिमोग्लोबिन ही ताटातली भाकरी. कणगीत दाणे किती, ते फेरिटिन सांगते. ते ३० च्या खाली असेल तर कणगी रिकामीच. पोट आणि स्तन एकाच बैठकीत उरकताना अर्धा लिटर रक्त गेले, तर त्यासोबत सुमारे २०० मिलिग्रॅम लोह जाते. आहारातून रोज अंगी लागते ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलेही बरेचसे रोजची झीज भरण्यात संपते.

‘कमी पडले तर बाटली लावू’ हे उत्तर मला सर्वांत कमी पटते. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढते; त्यासाठी परक्या रक्ताची जोखीम का घ्यायची? त्यापेक्षा शस्त्रक्रियेआधीच लोह भरून काढावे, असे मी म्हणतो. त्यावरचा वजनदार आक्षेप वेगळा आहे. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनमधील प्रिव्हेंट चाचणीत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी शिरेतून लोह देऊनही रक्त देण्याची गरज वा मृत्यू घटले नाहीत. मात्र त्या ४८७ रुग्णांना लोहाची कमतरता होतीच असे नाही, रक्तक्षय होता. आणि लोह मिळाले ते शस्त्रक्रियेच्या १० ते ४२ दिवस आधी. त्यांचे हिमोग्लोबिन पुढे, आठ आठवड्यांनी, चांगले वाढलेले दिसले. म्हणजे उशीर नडला, असे मी मानतो. सौंदर्याच्या शस्त्रक्रियेला तर मुहूर्ताचीही सक्ती नसते, मग तीन महिने थांबण्यात बिघडते काय?

याचा अर्थ ज्याच्या-त्याच्या हाती लोहाच्या गोळ्या द्याव्यात, असा नव्हे. भोपाळमधल्याच बैरागढच्या सिंधी वस्तीत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. त्यांच्या लहान आकाराच्या रक्तपेशी पाहून लोह सुरू करणे ही चूकच. पाळीत जास्त रक्त जात असेल, तर आधी त्याचा इलाज हवा. बाकीच्यांना एक दिवसाआड घेतलेली गोळी रोजच्या गोळीपेक्षा चांगली शोषली जाते, असे २०१७ च्या अभ्यासात दिसले. सकाळच्या पोह्यांवर लिंबू पिळावे आणि लगोलग येणारा चहा तासभर लांबवावा. पोह्यांसोबतच्या जिलबीबद्दल माझे काही म्हणणे नाही. ‘थांबा म्हटले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल,’ असे शल्यविशारद म्हणतील. जाऊ द्यावे, फेरिटिनचा कागद मात्र तिच्या हाती द्यावा, म्हणजे तिथल्या भूलतज्ज्ञालाही तो वाचावा लागेल.