मुडीगंगेचा पूल आणि पावसाळा वगळलेला अभ्यास

कोलकात्याहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता काकद्वीपच्या पुढे लॉट नंबर आठच्या धक्क्यावर संपतो. समोर मुडीगंगेचे गढूळ, रुंद पात्र आणि पलीकडे सागर बेटाचा कचुबेडिया धक्का. ओहोटी लागली की पात्रातला गाळ वर येतो आणि लाँच काही तास जागच्या जागी उभ्या राहतात. मकरसंक्रांतीच्या गंगासागर मेळ्यासाठी लाखो यात्रेकरू याच पाण्यातून जातात, आणि त्यासाठी दरवर्षी गाळ उपसावा लागतो. यात्रेकरू चार दिवसांत परततात. बेटावरची दोन लाखांहून अधिक माणसे (२०११ची जनगणना) मात्र बारा महिने भरतीच्या वेळापत्रकावर जगतात. अडलेली बाळंतीण असो की परीक्षेला निघालेला मुलगा, पाणी चढेपर्यंत थांबणे आलेच.

म्हणून या पुलाला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. पश्चिम बंगालच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात गंगासागर सेतूसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद झाली. लांबी पावणेपाच किलोमीटर, एकूण खर्च सुमारे १५०० कोटी, मुदत चार वर्षे, असे तेव्हा सांगण्यात आले. आमचा प्रश्न पुलाच्या आधीच्या कामाविषयी आहे. पाण्याचा, गाळाचा, माशांचा आणि त्यावर पोट भरणाऱ्यांचा अभ्यास कोणी करायचा, किती दिवस करायचा आणि कोणाला विचारून करायचा?

आपल्याकडे ‘शीघ्र पर्यावरण अभ्यास’ नावाचा एक प्रकार रूढ आहे. त्यात एकाच ऋतूची माहिती गोळा करतात, आणि तो ऋतू पावसाळा नसावा असा संकेत आहे! मुडीगंगेच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो ते पाहा. हिलसा समुद्रातून वर चढतो तो मुख्यतः पावसाळ्यात. नदीला लोंढा येतो, गाळाची चाल बदलते आणि किनारा ढासळतो तोही पावसाळ्यात. थंडीच्या तीन महिन्यांत पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या की अहवाल तयार होतो. तो खोटा नसतो; तो फक्त दुसऱ्याच नदीचा असतो.

शिवाय हे पात्र काही सामान्य नव्हे. सागरच्या शेजारचे लोहाचरा बेट पाण्याखाली गेले. घोडामारा वर्षागणिक झिजते आहे आणि तिथली कुटुंबे सागर बेटावर येऊन वसली आहेत. अशा पाण्यात खांबांची रांग उभी राहिली की प्रवाह खांबांमधून वाट काढतो. कुठे तळ खरवडला जातो, तर कुठे गाळ साठतो. तो कुठे साठेल आणि कोणाचा बांध फुटेल, हे पूल झाल्यावर कळून उपयोग नाही. किनारा नियमनाच्या २०११च्या अधिसूचनेत धूप होणाऱ्या पट्ट्यांसाठी शीघ्र अभ्यासावर न भागवता सर्वंकष अभ्यास मागितला होता. संघटनांनी तीच कसोटी इथे लावून धरावी.

याच नदीच्या वरच्या अंगाला, कोलकात्यात, हे भान पूर्वी होते. १९४३मध्ये खुल्या झालेल्या हावडा पुलाचा मुख्य गाळा दीड हजार फुटांचा आहे आणि नदीच्या पात्रात त्याचा एकही खांब नाही. जहाजांची वाट आणि गाळाने गांजलेले बंदर सांभाळायचे होते. साम्राज्याच्या व्यापारासाठी का होईना, नदीला आधी विचारले गेले. पुढे स्वतंत्र भारतात फराक्का बंधाऱ्याविषयी अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी गाळाचा आणि पुराचा इशारा दिला, तेव्हा त्यांना देशद्रोही ठरवण्यात आले. बंधारा १९७५मध्ये सुरू झाला आणि मालदा जिल्ह्यातल्या गंगाकाठच्या गावांना नदीने गिळायला घेतले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचा पूल वरळी कोळीवाड्यासमोरून, क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडणाऱ्या होड्यांच्या वाटेवरून जातो. दोन खांबांत साठ मीटर अंतर पुरे, असे कागदावर ठरले होते. वारा आणि लाटा आडव्या आल्या की होडी किती सरकते, हे कोळ्यांना ठाऊक होते, आराखड्याला नव्हते. कोळ्यांनी काम अडवले, महिनोन्महिने वाद चालला, आणि २०२२च्या अखेरीस अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. मागणी १६० मीटरची होती. काम सुरू होण्यापूर्वी बंदरावर एक दिवस बसून विचारले असते तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचले असते. वाशीच्या मच्छीमार संस्थेला तर ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. पुलामुळे मासेमारीची उपजीविका बाधित होते आणि तिची भरपाई दिली पाहिजे, हे २०२१मध्ये न्यायालयाने सांगितले तेव्हा कुठे धोरणाची चक्रे हलली.

अभ्यास मनापासून करायचा ठरवला तर काय होते, याचे उदाहरण डेन्मार्कचे. तिथल्या ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीवरच्या जोडमार्गाला १९८७च्या कायद्याने अट घातली की बाल्टिक समुद्रात जाणारे पाणी पुलामुळे कमी होता कामा नये. खारे पाणी अडले तर तिथल्या कॉड माशाची वीण धोक्यात येते. म्हणून खांबांनी आणि भरावांनी जेवढी वाट अडवली तेवढी तळ खोदून मोकळी करून दिली. डेन्मार्क-स्वीडनमधल्या २०००मध्ये खुल्या झालेल्या ओरेसुंड पुलाच्या वेळी, उपसलेल्या मालापैकी पाच टक्क्यांहून अधिक पाण्यात सांडू द्यायचा नाही, अशी मर्यादा होती आणि ती रोज मोजली जात होती. त्यांच्याकडे पैसा होता, हे खरेच. पण मर्यादा आधी ठरवायला पैशापेक्षा इच्छा अधिक लागते.

आता आपल्या घरचा मुद्दा. पर्यावरणाच्या अहवालात डॉल्फिनसाठी एक प्रकरण असते आणि ते असलेच पाहिजे. पण गुडघाभर चिखलात जाळी ओढून कोळंबीचे बीज गोळा करणाऱ्या बायका त्यात सापडणे कठीण, कारण त्यांच्याकडे होडी नाही, परवाना नाही आणि सोसायटीचे सभासदत्वही नाही. लाँचवरचे सारंग, इंजिनवाले, खलाशी, दोन्ही धक्क्यांवरचे हमाल, चहाच्या टपऱ्या, व्हॅनवाले या सगळ्यांची रोजी ज्या दिवशी पुलावरून पहिली बस जाईल त्या दिवशी आटू लागेल. त्यांची गणना आज झाली नाही, तर उद्या भरपाई मागताना पुरावा कोठून आणणार? अभ्यास करणाऱ्या कंपनीची निवड आणि तिचे बिल दोन्ही प्रकल्प उभारणाऱ्याच्याच हातात असतात, हे लक्षात घेतले तर ती आपण होऊन या माणसांच्या मागे फिरेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

म्हणून काकद्वीप आणि सागरमधल्या मच्छीमार व जलवाहतूक कामगारांच्या संघटनांना आमची सूचना अशी की त्यांनी सरकारी माणसाची वाट न पाहता आपली यादी स्वतः करावी. कोणत्या भरतीला कोण कुठे जाळे लावतो, ओहोटीत होड्या कुठे टेकतात, लाँचवर कायम किती आणि रोजंदारीवर किती, हे सारे एका वर्षाचे, पावसाळ्यासकट, बंगालीत लिहून ठेवावे आणि सह्या-अंगठ्यांसह जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखल करावे. खांब पाण्यात उतरण्याआधी अधिकृत अहवालाच्या शेजारी ही यादी ठेवून दोन्ही जाहीरपणे वाचले जावेत, आणि ते वाचन कोलकात्याच्या कार्यालयात न होता कचुबेडियाच्या धक्क्यावर, लाँच बंद असण्याच्या वेळेत व्हावे. त्या वेळी सगळे तिथेच असतात.